खुंट्यांची भिंत

आमच्या गोठ्याचा नकाशा कागदावर कधी निघालाच नाही. तो अंगणात निघाला, चुन्याच्या फक्कीने, खऱ्या मापाचा. वडिलांचं म्हणणं असं, की कागदावर सगळंच बसतं. बैलाला वळायला जागा पुरते की नाही हे बैलालाच विचारायला हवं. आणि त्यांनी ते खरोखर विचारलं. मी तेव्हा सांगलीला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होते. परीक्षा संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते आणि फक्कीची पाटी हातात घेऊन त्यांच्या मागेमागे फिरत होते.

आमचं गाव शिराळ्यापासून आत, डोंगराच्या कडेला. वडील फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते आणि त्याच वर्षी पेन्शनवर घरी आले होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. तोवर वडील म्हणजे मला वर्षातून एकदा दोन महिने भेटणारा माणूस. ते चहात साखर किती घेतात हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. आई मात्र त्यांच्या गैरहजेरीत शेत, बैल आणि म्हशी बिनबोभाट सांभाळत आली होती. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

आल्यावर चार दिवसांतच वडिलांनी आईला सांगून टाकलं. शिरवळला एका कारखान्यात मशिनींच्या दुरुस्तीचं काम होतं. त्यांच्या पलटणीतला एक मित्र तिथे लागला होता, त्याने यांच्यासाठी शब्द टाकला होता. राहायला खोलीही मिळणार होती, एकट्यापुरती.

"हितं मला हात चालवाया जागा झाली तर ऱ्हातो," वडील म्हणाले. "मोटरी, पंप, नांगराचं फाळ, समदं करीन. न्हाईतर बसून खायाला मला जमायचं न्हाई. पावसाळ्याच्या तोंडाला जाईन शिरवळला."

"बगा की," आई म्हणाली.

आईचं हे 'बगा की' कशालाही चालायचं. मला मात्र राग आला. इतक्या वर्षांनी माणूस घरी येतो आणि लगेच परत जाण्याची भाषा करतो, आणि हिला त्याचं काहीच नाही? मी मनाशी ठरवलं, की हा गोठा झालाच पाहिजे. वडिलांनी घरी राहावं असं मला फार वाटत होतं. तसं तोंडाने सांगायला जमेना, म्हणून मी फक्की धरली.

जुना गोठा म्हणजे पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर कौलं. निम्मी कौलं सरकलेली. आत बैलजोडी, दोन म्हशी आणि एक रेडकू. मध्ये एक आडवी भिंत, तिच्यात लाकडी खुंट्या ठोकलेल्या, आणि खुंट्यांवर जुन्या दाव्यांची, म्हणजे जनावरं बांधायच्या दोरांची, ही गर्दी. भिंतीपलीकडे कुळव, पाभर, पेंडीची पोती आणि मोडक्या वस्तूंचा ढीग. कडबा बाहेर उघड्यावर. वडिलांना हे सगळं उतरवून एकाच मोठ्या पत्र्याखाली तीन कामं बसवायची होती: जनावरं, साठवण आणि त्यांचं वर्कशॉप.

पहिल्या दिवशी आम्ही वारा पाहिला. वडिलांनी अंगणात शेणी पेटवून धूर केला आणि तो कुठे जातो ते सकाळी, दुपारी आणि सांजेला बघितलं. गोठ्याचा वास घरात येता कामा नये आणि पावसाचा झोत जनावरांच्या तोंडावर येता कामा नये, असा हिशेब. दुपारी धूर सरळ स्वयंपाकघरात शिरला. आई डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वारं कुटनं येतंय ते मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं." वडील म्हणाले, "पुरावा पायजे." मला हे उत्तर इतकं आवडलं की पुढे कॉलेजात प्रयोगाच्या तासाला मी ते वापरत असे.

मग फक्कीच्या रेघा पडल्या. इथे गव्हाण, इथे मुताची गटार, हा उतार, हे दार. वडिलांनी बैलजोडी सोडून आणली आणि रेघेच्या दारातून आत घातली. बैल शहाण्यासारखे आत गेले, फिरले आणि बाहेर आले. वडिलांनी खुशीने मान हलवली. म्हशींचं तसं नाही. धाकटी म्हैस फक्कीचा वास घेऊन फुरफुरली, भिंतींच्या रेघा तुडवत सरळ वर्कशॉपात गेली आणि तिथेच बसली.

"तिला वर्कशॉप पसंत हाय," आई म्हणाली. त्या सुट्टीत मी आईला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

खरी अडचण आवाजाची होती. घणाचा आवाज, ग्राइंडरचा आवाज, आणि शेजारी दुभती जनावरं. वडिलांनी चिंचेच्या फांदीला लोखंडी पट्टी टांगली. आई धार काढायला बसली की ते पट्टीवर हातोडा मारायचे आणि मी म्हशीच्या कानांकडे बघायचं, असं ठरलं. थोरल्या म्हशीने एकदा कान वळवले आणि रवंथ चालू ठेवला. धाकटीने पहिल्याच ठोक्याला दूध चोरलं. आई सड ओढून दमली, पण थेंब येईना. वडील पट्टी घेऊन उकिरड्यापलीकडे गेले, तिथून वाजवली. तरी नाही. ते ओढ्याच्या काठावर गेले. तिथे मात्र तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मंग वर्कशॉप वड्यात बांदा," आई म्हणाली.

गंमत वाटत होती, पण कोडं अवघड होतं. वर्कशॉप जनावरांपासून लांब हवं. मध्ये साठवणीची खोली ठेवली तर पोत्यांनी आवाज दबेल. पण कडबा तिथे नको, कारण वेल्डिंगची एक ठिणगी उडाली तर सगळंच भस्म. म्हणजे कडबा जनावरांच्या दुसऱ्या अंगाला. असं एकापुढे एक मांडत गेलं की जागा संपायची. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा बांध. मी रोज रेघा पुसायचे आणि रोज नव्या ओढायचे. अंगण इतकं पांढरं झालं होतं की रात्री चांदण्यात उगाच उजेड वाटायचा. शेवटी असं दिसलं, की एका जनावराची जागा कमी केली तर सगळं बसतं. धाकटी म्हैस विकायची.

आई नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. पण ती म्हणाली, "ईका. तिला गडबड सोसतच न्हाई. शांत घरी जाऊ दे."

आणि मग तिने तिची एकच अट घातली. खुंट्यांची भिंत पाडायची नाही.

आता ही भिंत नेमकी नव्या दारात येत होती. बैलगाडी किंवा दुरुस्तीला आलेला ट्रेलर आत घ्यायचा तर ती आडवी. वडिलांनी तिला रेघांवरून चालवून दाखवलं. गवंडी आला होता, त्यानेही सांगितलं, "आवं वयनी, मातीची भित ती. आज हाय, उद्या बसंल. तिच्यापायी समदं वाकडं करतासा व्हय?"

"ती भित ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. कारण विचारलं तर गप्प. पुन्हा विचारलं तर, "ऱ्हाऊ द्या म्हटलं न्हवं?"

मला प्रश्न विचारण्याची वाईट खोड आहे, आणि उत्तर नाही मिळालं तर पोटात दुखतं. मी त्या भिंतीला कान लावला. बोटांनी ठोकून पाहिली. आत काही पुरलंय का, अशी शंका आली होती. भिंत होती ती साधी मातीचीच. खुंट्यांवर दावी, त्यांवर धुराचा आणि जाळ्यांचा थर. विकलेल्या किंवा गेलेल्या प्रत्येक जनावराचं दावं तिथे होतं, एवढं मला माहीत होतं, कारण आमच्याकडे तशी रीतच आहे. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. दावं गेलं तर त्याच्याबरोबर दावणीची बरकत जाते असं मानतात. पण दावी काय, नव्या भिंतीवरही टांगता आली असती. मी आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुला लय चौकश्या."

वडिलांचं मात्र डोकं फिरलं. फौजेत त्यांनी ऑर्डर पाळल्या होत्या, पण त्या ऑर्डरला काहीतरी कारण असायचं. त्या रात्री जेवताना ते भाकरीकडे बघत म्हणाले, "मला वाटतं शिरवळचंच बरं. हितं माजी अडचनच व्हतीय." आई म्हणाली नाही की जाऊ नका. तिने त्यांच्या ताटात आमटी वाढली. मला दोघांचाही सारखाच राग आला होता.

दोन दिवसांनी आई शिराळ्याच्या बाजाराला गेली असताना म्हशीचं गिऱ्हाईक आलं. शिराळ्याच्या पुढे वस्ती करून राहणारा एक शेतकरी. म्हैस बघितली, व्यवहार ठरला. मी आत चहा ठेवत होते. चहा घेऊन बाहेर आले तोवर तो म्हशीला घेऊन बांधाच्या वळणापलीकडे गेला होता. वडील हात झटकत उभे होते. एक काम फत्ते झालं, असा चेहरा.

आई दुपारी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर मोकळ्या खुंट्याकडे गेली. मग तिने खाली, गव्हाणीत, भिंतीवर बघितलं.

"दावं कुटाय?"

"म्हशीसंगं दिलं की," वडील म्हणाले. "त्यानं आनलं हुतं, पन सुतळीवानी बारीक. म्या म्हटलं, ऱ्हाऊ द्या तुमचं. आमचं नवं हाय, मजबूत हाय, हेच न्या. फुल किट देऊन पाठीवली."

आई उंबऱ्यावर बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसली, पदर तोंडाला लावून. आमच्या गावात जन्मलेल्या शेंबड्या पोरानेसुद्धा ही चूक केली नसती. ही चूक करायला माणूस इथलाच असावा लागतो आणि उभं आयुष्य बाहेर काढलेला असावा लागतो. मी वडिलांना रीत सांगितली. ते आधी हसले, "एवढंच व्हय?" मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

"जानारं जातंया," आई हळूच म्हणाली. "त्येला कोन धरून ठेवतंय. दावं ऱ्हायलं मंजी त्येची जागा मोडत न्हाई. एवढंच असतंया."

वडिलांनी पायात चपला घातल्या आणि मोटरसायकल काढली. मी न विचारता मागे बसले.

ती वस्ती सापडायला वेळ लागला. म्हैस त्यांच्या दारात निवांत वैरण खात होती. शांत घर होतं, आईने म्हटलं तसंच. वडिलांनी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा तो शेतकरी डोक्याला हात लावून हसला.

"आवं फौजी, तुमीच तर दिलासा! म्या माजं दावं घेऊनच आलो हुतो की. तुमी म्हनलासा, हेच न्या. आता दिल्यालं परत मागत्यात व्हय?"

मला वाटलं, आता वडील आवाज चढवणार. पण ते मान खाली घालून म्हणाले, "मला ठावं न्हवतं. इतकी वर्सं भाईर हुतो मी. हितलं कायबी मला ठावं न्हाई."

मी त्यांना 'ठाऊक नाही' असं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात शेतकऱ्याची बायको घरातून आली, तिने म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, आपलं बांधलं, आणि आमचं दावं वडिलांच्या हातात दिलं.

"न्या. दुसऱ्याच्या दावणीचं आमाला नगं," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, "आईला म्हनावं, म्हैस बरी हाय."

आम्ही परत निघालो. दावं त्यांनी गळ्यात अडकवलं होतं, हार घातल्यासारखं. रस्त्यावरचे लोक बघत होते. मला हसू येत होतं आणि त्यांचं कौतुकही वाटत होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई गोठ्यात थोरल्या म्हशीची धार काढत होती. वडील दावं घेऊन सरळ खुंट्यांच्या भिंतीकडे गेले. "कुटं अडकवू?" त्यांनी विचारलं.

"मोकळी खुंटी बगा," आई पाठमोरीच म्हणाली.

मोकळी खुंटी नव्हती. मग ते एकेक दावं हातात घेऊन विचारू लागले, हे कुणाचं, ते कुणाचं, आणि आई धार न थांबवता सांगत गेली. हे खिलार बैलाचं, मारका होता पण कामाला वाघ. ते तिच्या माहेरहून आलेल्या म्हशीचं. हे सात महिन्यांची गाभण असताना गेलेल्या गाईचं. वडिलांना यातलं एकही जनावर माहीत नव्हतं. त्यांच्या मागे ती आली होती आणि त्यांच्या मागेच गेली होती. मीही नव्याने ऐकत होते. मला ती सगळी दावी इतकी वर्षं एकसारखीच दिसत आली होती.

शेवटच्या खुंटीवर दाव्यांचा मोठा पुंजका होता. वडिलांनी तो बाजूला केला आणि ते थांबले. खाली दावं नव्हतं. तळहातावर मावेल एवढी गुंडाळी केलेला कापडी पट्टा होता. धुराने काळा पडलेला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला तेव्हा पितळी बक्कल चमकलं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या घरात दर सुट्टीला सांगितली जायची. लग्नानंतर वडील पहिल्यांदा ड्युटीवर परत गेले तेव्हा त्यांचा वर्दीचा पट्टा हरवला. सुभेदाराने त्यापायी त्यांना भर उन्हात उभं केलं होतं. तो पट्टा रेल्वेत मिरजेपासून समोर बसलेल्या एका मिशीवाल्याने लांबवला, याबद्दल त्यांची खात्री होती. त्या मिशीवाल्याला ते नेमाने शिव्या द्यायचे. आम्ही हसायचो. आई त्या वेळी काही ना काही काम काढून आत जायची.

वडील पट्टा हातात धरून उभे राहिले.

"त्या मिशीवाल्याला मी जल्मभर शिव्या घातल्या की गं," ते म्हणाले.

आईने मागे पाहिलं नाही. "घरात ठिवला असता तर सासूबाईंनी इचारलं असतं," ती म्हणाली. "हितं कोन बगतंय. तुमी कवा येनार, येनार का न्हाई, कायबी सांगून जात न्हवता. मंग मी काय करायचं हुतं?"

वडिलांनी पट्टा होता तसाच गुंडाळून खुंटीवर ठेवला. त्याच्यावर म्हशीचं दावं अडकवलं. आणि ते म्हशीच्या बाजूला, शेणातच, आईसमोर उकिडवे बसले. मी तिथून निघून गेले. माझ्यासारखीलासुद्धा त्या वेळी काही विचारावंसं वाटलं नाही. चुलीपुढे बसून मी खूप रडले, आणि का रडते आहे ते मला नीट कळत होतं.

सकाळी उठले तेव्हा अंगण झाडलेलं होतं. सगळ्या रेघा गेल्या होत्या. वडिलांनी खुंट्यांची भिंत मध्ये धरून नव्याने फक्की टाकली होती. दार दुसऱ्या अंगाला फिरवलं होतं. ट्रेलर आत येणार नव्हता, तो बाहेरच उभा राहणार होता. मातीच्या भिंतीला दोन्हीकडून विटांचा टेकू, आणि वर पत्रा असा की एक थेंब तिच्यावर पडू नये. एका बाजूला जनावरं, दुसऱ्या बाजूला साठवण, आणि तिच्यापुढे वर्कशॉप. गवंड्याने तक्रार केली, की हे सगळं त्या वाकड्या भिंतीपायी वाकडं झालं. वडील म्हणाले, "वाकडं न्हाई. असंच हाय."

पायाचं काम सुरू व्हायच्या आधीच वडिलांनी वर्कशॉपच्या जागी खड्डा खणायला घेतला. त्यांना तिथे बाभळीचा बुंधा पुरायचा होता. त्याच्यावर लोखंड आवळून धरायचा वाईस बसणार होता. खड्डा कमरेपर्यंत गेला तरी ते खणतच होते. मी विचारलं, "आप्पा, एवढा खोल कशाला?"

"हलाय नको," ते आतून म्हणाले. "एकदा बसला की जागा सोडायची न्हाई."

आई दारात तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं. सूप खाली ठेवलं आणि ती गोठ्यात गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या मागे रेडकू होतं, उन्हात बांधायला आणलेलं. त्याच्या गळ्यात तो पट्टा होता. बक्कल घासून लख्ख केलेलं होतं.